शेवटाला येऊन तुटणारी फाईल

खानापूरच्या खेड्यांतून म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून आणायच्या आणि त्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवताना जीव मेटाकुटीला यायचा. कुठवर चालायचं हे?

आवाजाचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. तासाभराचं रेकॉर्डिंग म्हणजे जवळपास १ जीबी. आधी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून विद्यापीठाच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट, जोडा, पासवर्ड द्या, मग ओटीपीची वाट बघा. इथं पावसाळ्यात रेंज नसते, ओटीपी येतो तोवर त्याची मुदत संपलेली. कसंबसं नेटवर्क ड्राइव्ह उघडलं, फाईल टाकली, पट्टी शेवटाला आली की लाईट जाते. राउटर बंद, व्हीपीएन तुटलं. परत पहिल्यापासून! जिथं तुटलं तिथून पुढं का नाही?

हे नेटवर्क ड्राइव्ह ज्यावर चालतं ते एसएमबी, फाईली वाटून घ्यायची पद्धत, मुळात एकाच इमारतीतल्या नेटवर्कसाठी घडवलेलं. बारीकसारीक गोष्टीला सर्व्हरशी विचारणा करत बसतं, अंतर वाढलं की रांगायला लागतं. त्याऐवजी एसएफटीपी द्या, आरसिंक द्या, दोन्ही लांबवर फाईल पाठवायचीच साधनं. अर्धवट फाईल त्यात पुढं नेता येते, आणि आरसिंक तर १९९६ पासून आहे! पण विद्यापीठाचं उत्तर ठरलेलं, 'कॅम्पसवर येऊन कॉपी करा.' म्हणजे प्रत्येक फाईलपायी बसचं भाडं आणि दिवसाची मजुरी बुडवायची?

गाणारी आजी ऐंशीच्या घरात आहे. तिचा आवाज आज एका जुन्या लॅपटॉपवर पडलाय, दुसरी प्रत नाही. ती डिस्क गेली तर कुणाला जाब विचारू?