"आजीच्या आठवणी ओतल्या": एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या महिन्यात मी 'ले त्रिप्लेत द बेलव्हिल' या फ्रेंच ॲनिमेशनपटावर लिहिलं होतं. त्यावर 'एक रसिक' या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली. दोन ओळींत उत्तर देऊन विषय मिटवणार होते, पण चार दिवस झाले तरी त्यातलं एक वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिनेमा विक्षिप्त आणि किळसवाणा आहे, त्यात कथा नाही, अमेरिकन माणसांची टिंगल आहे, मुलांना दाखवण्यासारखा नाही, माझ्या लेखात माहितीची चूक आहे, असं सगळं त्यात आहे. आणि मग हे: "शब्दच नसले की प्रेक्षक आपापल्या आजीच्या आठवणी त्यात ओततो आणि त्यालाच रसग्रहण म्हणतो. जरा जमिनीवर या."

आधी चुकीबद्दल. आपलं बरोबर आहे. मी 'ऑस्करविजेता' लिहिलं होतं, ते चूक होतं. सिल्व्हँ शोमे यांच्या या २००३ सालच्या सिनेमाला २००४ च्या सोहळ्यात दोन नामांकनं होती, एक ॲनिमेशनपटाचं आणि एक गाण्याचं. दोन्ही हुकली. ॲनिमेशनचं 'फाइंडिंग नीमो'ला गेलं. सेझार हा फ्रेंच चित्रपट पुरस्कार मात्र मिळाला, बेन्वा शारे यांच्या संगीताला. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, ते मनापासून मानते.

पण चूक दाखवण्याची एक रीत असते. "एवढंही तपासता येत नसेल तर लिहू नये" हे वाक्य त्या दुरुस्तीला चिकटवायची काय गरज होती? मी इथे माझ्या नावाने लिहिते, माझं गाव सांगून लिहिते. आपण नाव न सांगता येऊन मला जमिनीवर यायला सांगता. समोरासमोर बसलो असतो तर आपण हे याच शब्दांत म्हणाला असतात का, याचा एकदा विचार करा. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. हा सिनेमा मी निरनिराळ्या लोकांबरोबर चार वेळा पाहिला आहे आणि चारही वेळा कुणी ना कुणी मधेच उठून गेलं आहे. बेडकांचं सूप आलं की खोलीतली दोन माणसं तरी तोंड फिरवतात. त्यांच्यापैकी कुणी मला माझी पायरी दाखवली नाही.

आता त्या वाक्याकडे येते. 'शब्दच नसले की.'

तुम्ही म्हणता शब्द नाहीत. शब्द आहेत. फक्त ते कुठून येतात याकडे तुम्ही लक्ष दिलं नाही. टीव्हीतून फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल बोलतात. रेडिओवरून 'तूर द फ्रान्स' या सायकल शर्यतीचं धावतं वर्णन येतं. बडबड आहे ती खोक्यांची. घरातली माणसं मात्र जवळजवळ बोलतच नाहीत. मादाम सूझा, तिचा नातू चॅम्पियन आणि ब्रुनो कुत्रा, या तिघांचं सगळं चालतं ते शिट्टीवर, ताटावर आणि हातांवर. नातू पावसात चढावर सायकल मारतो, ही मागून तिचाकीवर बसून शिट्टी वाजवत त्याला लय देते. घरी आल्यावर अंडी फेटायच्या यंत्राने आणि व्हॅक्यूम क्लीनरने त्याचं अंग रगडते. या माणसांच्या तोंडी संवाद घातले असते तर काय घातले असते? "दमलास का रे"? ते विचारायची गरज तिला नाही. त्याच्या पोटऱ्यांना हात लावला की तिला कळतं.

आणि आजीच्या आठवणींचं म्हणाल, तर हो, माझ्या लेखात माझी आज्जी होती. आजही येणार आहे. तुम्हाला ती भावुकता वाटली, तर आता पूर्ण ऐकून घ्या, कारण मूळ लेखात मी तिच्यावर फक्त तीन ओळी लिहिल्या होत्या आणि कदाचित तिथेच माझं चुकलं.

वडिलांच्या बदलीच्या नोकरीमुळे पहिली ते सातवी मी मिरजेत आज्जीकडे होते. आजोबा लवकर गेले आणि त्यांचं सायकलचं दुकान आज्जीने चालवलं. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. पुढे भाड्याच्या सायकली ओळीने लावलेल्या, तासाला पन्नास पैसे, वहीत नाव आणि वेळ. मागे पंक्चरची परात आणि चाकं टांगलेली. आज्जी बोलायची नाही. गिऱ्हाइकाशी दोन शब्द, माझ्याशी त्याहून कमी. मी शाळेतून आले की माझ्या सायकलच्या टायरवर अंगठा दाबून बघायची, आणि हवा कमी असली तर भरायची. "आलीस का" असं तिने मला सात वर्षांत कधी विचारल्याचं आठवत नाही. टायरवरचा तो अंगठा मात्र एक दिवस चुकला नाही.

तिचा हात बसला होता आऊट काढण्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चाक डुगडुगत फिरायला लागलं की चाकाला आऊट आला म्हणतात. आज्जी सायकल उलटी करून चाक फिरवायची आणि चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याला, टेकवून खडू धरायची. रिम जिथे बाहेर आली असेल तिथे खडूची रेघ उठायची. मग त्या जागचे स्पोक एका बाजूचे पान्याने अर्धा आटा कसायचे, दुसऱ्या बाजूचे तेवढेच सैल करायचे, पुन्हा फिरवायचं, पुन्हा खडू. हे तर कुणीही करील. शेवटी मात्र ती चाक थांबवायची, कान जवळ न्यायची आणि नखाने एकेक स्पोक छेडत चाकभर जायची. सैल स्पोक बद्द वाजतो. तो सापडला की पाना पुन्हा लागायचा. मिरज हे तंतुवाद्यांचं गाव. सतारी, तंबोरे घडवणारे कारागीर आमच्या दुकानात हवा भरायला यायचे. त्यांच्यातले एक म्हातारे बाबा आज्जी स्पोक छेडायला लागली की बोलणं थांबवून ऐकत उभे राहायचे. एकदा म्हणाले, "वहिनी, तो उतरलाय." आज्जीने मान हलवली. तिचा पाना आधीच त्या स्पोकवर होता.

आता सिनेमाकडे या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आयफेल टॉवरची छोटी प्रतिकृती आहे. मादाम सूझा तिच्यावर चाक बसवते आणि कानाशी ट्यूनिंग फोर्क धरून स्पोकचा स्वर जुळवते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सिनेमा थांबवला, मागे नेला आणि परत पाहिला. तुम्ही याला 'विक्षिप्तपणासाठी विक्षिप्तपणा' म्हटलं आहे. हा विक्षिप्तपणा नाही, हे कामाचं ज्ञान आहे. ज्याने कुणी हे दृश्य रचलं त्याला माहीत होतं की ताणलेली तार वाजते आणि कानाने चाक सरळ करता येतं. मी यात आज्जी ओतली नाही. ती तिथे आधीच बसलेली होती, टेबलाशी, पाना हातात घेऊन. मी तिला ओळखलं एवढंच. तुमच्या घरी सायकलचं दुकान नव्हतं हा तुमचा दोष नाही, पण जे तुम्हाला दिसलं नाही ते दुसऱ्याने पदरचं घातलं असं म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

हे दृश्य तिथेच संपतही नाही, आणि 'कथा नाही' या तुमच्या आक्षेपाचं उत्तरही याच चाकात आहे. फ्रेंच गुंड चॅम्पियनला शर्यतीतून पळवून जहाजाने नेतात. म्हातारी कुत्र्याला घेऊन पायडल-बोटीतून अटलांटिक ओलांडते, वर मोत्सार्टच्या सी मायनर मास या चर्च-संगीतातलं 'किरिए' चालू असतं. बेलव्हिल या अमेरिकेसारख्या काल्पनिक शहरात पोचते तेव्हा हातात पैसा नाही, ओळखीचं कुणी नाही, रात्र आहे आणि डोक्यावर पूल आहे. तिथे तिला सायकलचं एक चाक मिळतं. ती ते वाजवायला लागते. त्या आवाजावर अंधारातून तीन म्हाताऱ्या गुणगुणत पुढे येतात, एके काळच्या गाजलेल्या गायिका. पुढे त्या मंचावर फ्रिजच्या जाळ्या, वर्तमानपत्र आणि व्हॅक्यूम क्लीनर वाजवतात आणि ही त्यांच्यात बसून चाक वाजवते. स्वयंपाकघरातला तो ट्यूनिंग फोर्क नसता तर पुलाखालचं हे दृश्य निव्वळ योगायोग झालं असतं. तिचा कान तयार आहे हे आपल्याला आधी दाखवलेलं आहे. ब्रुनोचंही तेच. पिल्लू असताना त्याच्या शेपटीवरून खेळण्यातली आगगाडी जाते, म्हणून तो जन्मभर खिडकीतून प्रत्येक गाडीवर भुंकतो. कारण आधी, परिणाम नंतर. याला आमच्याकडे कथाच म्हणतात. मादाम सूझाच्या जाड तळव्याच्या बुटाचंही सांगितलं असतं, तो शेवटच्या पाठलागात कुठे कामाला येतो ते, पण ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांची मजा जाईल.

ही बाई सूझा आहे, पोर्तुगीज आहे, हेही तुमच्याकडून सुटलं असावं. आमच्या गोव्याच्या वाचकांना तिचं आडनाव ऐकूनच ती जवळची वाटली, तसं त्यांनी लिहिलंही. परक्या देशात राहणारी, एकटीने नातू वाढवणारी बाई कमी बोलते, यात मला काही नवल वाटत नाही.

आणखी एक सांगते, कारण हे माझं एकटीचं खूळ आहे असा तुमचा समज झालेला दिसतो. मी हा सिनेमा माझ्या आईला दाखवला तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती. फ्रेंच सोडा, इंग्रजीही तिला बेताचंच येतं. मी काहीही समजावून सांगितलं नाही. मादाम सूझा किनाऱ्यावर पायडल-बोट घेते आणि भल्यामोठ्या जहाजाच्या मागे समुद्रात निघते, तिथे आई एकदम पुढे सरकून बसली. म्हणाली, "अगं, भाड्याची बोट आहे ती. परत कोण आणणार?" सगळे हसले. आई हसली नाही. ती त्या दुकानात वाढली होती. तासाभरासाठी नेलेली सायकल रात्रीपर्यंत आली नाही की आज्जी कंदील घेऊन कशी दारात उभी राहायची हे तिने पाहिलं होतं. भाड्याची वस्तू घेऊन ही बाई समुद्रात निघाली म्हणजे आता तिला कशाचीच पर्वा उरली नाही, हे आईला एका क्षणात कळलं. मी त्याआधी दोनदा सिनेमा पाहिला होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही तिच्याबद्दलही म्हणणार का, की ओतलं म्हणून?

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. बेलव्हिलची माणसं लठ्ठ काढली आहेत, खरं आहे. त्यातल्या फ्रेंच गुंडांना चौकोनी काळ्या कपाटासारखं काढलं आहे आणि सायकलपटूंना हाडकुळ्या घोड्यांसारखं, तेही पाहा. सुरुवातीच्या कृष्णधवल तुकड्यातल्या जोसेफिन बेकर या कृष्णवर्णीय नर्तकीच्या चित्रणाबद्दल आपण लिहिलं आहे, त्यावर कधी तरी स्वतंत्र लिहीन, इथे तो विषय नाही. मुलांना दाखवायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या घरचं. मी कुठेही हा बालचित्रपट आहे असं म्हटलेलं नाही. ॲनिमेशन म्हणजे मुलांचं, हे गृहीत आपलं आहे. आणि बेडकांची किळस येते, तर येते. त्यावर वाद काय घालायचा?

शेवट 'अर्धवट आणि निरर्थक' असल्याचं मात्र सोडून देता येत नाही, कारण आपण सिनेमा शेवटपर्यंत पाहिल्याचं ठासून लिहिलं आहे. सुरुवातीला टीव्हीवरचा कार्यक्रम संपतो तेव्हा म्हातारी शेजारी बसलेल्या लहानग्या नातवाला विचारते, सिनेमा संपला का रे, आज्जीला काही सांगणार नाहीस का? पोरगा गप्प. सिनेमा अगदी संपताना तोच नातू पुन्हा टीव्हीसमोर दिसतो. आता तो स्वतः म्हातारा झाला आहे, एकटा आहे. मान वळवून तो म्हणतो, संपला, आज्जी. ऐंशी मिनिटांच्या सिनेमात तिला त्याच्याकडून मिळालेलं उत्तर हे एवढंच, आणि ते येतं तेव्हा ऐकायला ती नाही. यात अर्धवट काय राहिलं ते मला सांगा.

आज्जी गेली तेव्हा मी पुण्याला होते. पोचेपर्यंत उशीर झाला. दुकानात गेले तर उलट्या ठेवलेल्या एका सायकलच्या रिमवर खडूची रेघ होती, ताजी. गिऱ्हाईक कोण ते वहीत होतं. आईने ती सायकल तशीच नेऊन दिली, आऊट न काढता, पैसे न घेता.

पुन्हा पाहणार असाल तर म्हातारीचा तो पहिला प्रश्न लक्ष देऊन ऐका. सिनेमाची डीव्हीडी माझ्याकडे आहे. सांगली-मिरजेच्या बाजूला राहत असाल तर येऊन घेऊन जा, नाव सांगितलं नाहीत तरी चालेल. परत मात्र आणून द्या.