‘सगळे जहाजावरच बुक करा’ हे उत्तर पुरेसे का नाही : अलास्का क्रूझवरील एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

अलास्काच्या क्रूझवर किनाऱ्यावरच्या सहली कशा निवडाव्यात, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आपले म्हणणे आधी थोडक्यात मांडतो. पुढच्या वर्षी ऑगस्टअखेरीस आपले आई-वडील नागपूरहून आपल्याकडे अमेरिकेत येणार आहेत. वडिलांचे वय ७६, गुडघे दुखरे. आणि सिएटलहून निघून ज्युनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकान व व्हिक्टोरिया या क्रमाने जाणाऱ्या क्रूझचे बुकिंग झालेले आहे. माझ्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत. ज्युनोतील देवमासे पाहण्याची सहल स्थानिक कंपनीकडूनही घेता येईल असे लिहिणे बेजबाबदारपणाचे आहे, कारण उशीर झाला तर जहाज थांबणार नाही. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरण्याच्या अनुभवापेक्षा देवमाशांना वरचे स्थान देणे चूक आहे, कारण देवमासे जहाजाच्या बाल्कनीतूनही दिसतात. आणि लाखो रुपये खर्चून आयुष्यात एकदाच येणाऱ्या ज्येष्ठांना केचिकानमध्ये कोणतीही सहल विकत न घेता पायी फिरायला सांगणे हा निव्वळ चिक्कूपणा आहे. शेवटी आपण विचारले आहे, की मग आमच्या आई-वडिलांसाठी नेमके काय घ्यावे ते तरी सांगा. तो प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे उत्तर मी टाळणार नाही.

जहाज चुकण्याची भीती अजिबात अनाठायी नाही. ज्युनो ही अलास्काची राजधानी असली, तरी बाहेरच्या जगाकडे जाणारा एकही रस्ता तिथून निघत नाही. जहाज चुकले तर विमान किंवा फेरी, एवढेच दोन मार्ग उरतात, आणि तो खर्च व ती धावपळ प्रवाशाच्याच वाट्याला येते. जहाजाच्या काउंटरवर घेतलेल्या सहलीला उशीर झाला, तर जहाज थांबते किंवा कंपनी प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची व्यवस्था करते. ही हमी खरी आहे आणि तिला किंमत आहे. तरीही आपण एक गोष्ट लक्षात घ्यावी, की या सहली जहाज कंपनी स्वतः चालवत नाही. ज्युनोच्या धक्क्यावरून माणसांना बसमध्ये बसवून ऑक बे या छोट्या बोटींच्या बंदराला नेणारे, तिथे बोटीवर चढवणारे आणि परत आणणारे लोक ज्युनोतलेच असतात. पुष्कळदा तीच कंपनी, त्याच प्रकारची बोट, फक्त विक्री दोन ठिकाणी होते. त्यामुळे जहाजावर मोजलेला जादा पैसा हा चांगल्या बोटीसाठी नसून त्या हमीसाठी असतो, हे समजून तो मोजावा.

मग हमी कुठे विकत घ्यावी? जिथे परतीचा रस्ता लांब आणि एकुलता एक आहे, तिथे. स्कॅगवेहून बसने कॅनडातील युकॉनमध्ये जाऊन यायचे असेल, तर वाटेत सीमेवरची तपासणी दोनदा होते, आणि तिथे रांग किती लांबेल यावर कोणाचा ताबा नसतो. अशी सहल मी कोणालाही बाहेरून घ्यायला सांगणार नाही. ज्युनोत जहाज सकाळपासून रात्रीपर्यंत उभे असेल आणि दुपारची तीन-साडेतीन तासांची बोट असेल, तर मात्र परिस्थिती वेगळी असते. परतण्याची शेवटची वेळ जहाज सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते. त्या वेळेच्या किमान दोन तास आधी धक्क्यावर पोहोचवणारी सहल असेल, तरच ती बाहेरून घ्यावी, ही अट मी मूळ लेखातही घातली होती. वेळ पाहताना मोबाइलवर विसंबू नये, जहाजाचे घड्याळ प्रमाण मानावे. अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागे आहे आणि घोटाळे होतात ते नेमके इथेच. तसेच जहाजाने ते बंदरच गाळले तर पूर्ण पैसे परत मिळतील, असे स्थानिक कंपनीकडून लेखी घ्यावे.

आता देवमाशांविषयी. या मुद्द्यावर माझा आपल्याशी ठाम मतभेद आहे. बाल्कनीतून देवमासे दिसतात हे खरे, पण जे दिसते ते बहुधा दूरवरचे वाफेसारखे कारंजे आणि क्षणभर वर आलेली काळी पाठ. जहाज आपल्या वेगाने पुढे जात असते. ते कोणासाठी थांबत नाही. आपल्याला कॅमेरा सापडेपर्यंत तो प्राणी मागे पडलेला असतो. ऑक बेहून निघणारी छोटी बोट पाण्याच्या पातळीला असते, ती थांबू शकते, इंजिन बंद करू शकते. अलास्कात हंपबॅक देवमाशाच्या १०० यार्डांच्या आत बोट नेण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणजे सुमारे ९० मीटर अंतर ठेवावेच लागते. पण इंजिन बंद झाल्यावर एवढ्या अंतरावरूनही त्या प्राण्याचा श्वास ऐकू येतो. आधी एक भरदार फूत्कार, मग पाण्याच्या तुषारांचा हवेत रेंगाळणारा ढग, आणि वारा आपल्याकडे असेल तर मासळीचा उग्र वास. तीन-चार श्वास झाले की पाठ नेहमीपेक्षा जास्त वाकते, आणि त्यानंतर शेपटी पूर्ण बाहेर येऊन पाणी निथळत सावकाश खाली जाते. त्या शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग प्रत्येक देवमाशाचे निराळे असतात, आणि त्यांवरून बोटीवरचे जाणकार त्याला ओळखतात. यातले बहुतेक देवमासे हिवाळा हवाईच्या उबदार पाण्यात काढतात, तिथे जवळपास उपाशी राहतात, आणि उन्हाळ्यात फक्त खाण्यासाठी इतक्या उत्तरेला येतात.

नशीब असेल तर त्यांची एकत्रित शिकारही पाहायला मिळते. काही देवमासे मिळून पाण्याखाली बुडबुड्यांचे वर्तुळ सोडतात, हेरिंग मासे त्या वर्तुळात कोंडले जातात, वर सीगल पक्षी गोळा होऊ लागतात, आणि मग सगळे जबडे एकदम पाणी फोडून वर येतात. हे दिसेलच असे सांगणारा विक्रेता खोटे बोलतो. पण उन्हाळ्यात देवमासाच दिसला नाही असे ज्युनोत क्वचितच घडते, आणि न दिसल्यास पैसे परत देणाऱ्या कंपन्याही तिथे आहेत.

हेलिकॉप्टर मी दुय्यम ठरवले ते या कारणाने. हिमनदीवर पाय ठेवणे हा विलक्षण अनुभव आहे, याबद्दल वाद नाही. परंतु आपल्या क्रूझमध्ये ग्लेशियर बेचा पूर्ण दिवस आहे. त्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती देतात. आणि जहाज मार्जरी हिमनदीसमोर बराच वेळ थांबते. पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच उभी असलेली ती निळसर भिंत, तिचा एखादा कडा कोसळताना आधी दिसणारी हालचाल आणि मग काही क्षणांनी पोहोचणारा गडगडाट, हे सगळे आपले वडील डेकवर खुर्चीत बसून, एक डॉलरही जास्त न देता अनुभवू शकतात. उलट हेलिकॉप्टरचे माणशी कित्येकशे डॉलर देऊन ते बर्फाच्या खडबडीत उतारावर उतरतील आणि गुडघ्यांच्या धास्तीने हेलिकॉप्टरजवळच उभे राहतील, हे चित्र मला पटत नाही. जहाजावरून जे उत्तम दिसते त्यासाठी किनाऱ्यावर पुन्हा खर्च करू नये, आणि जे जहाजावरून दिसूच शकत नाही त्यासाठी हात आखडता घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे होते व आहे.

ज्यांना हेलिकॉप्टरच हवे, त्यांनी हवामानाचा विचार करून बंदर निवडावे. ढग खाली उतरले की उड्डाण रद्द होते; पैसे परत मिळतात, पण हातचा दिवस जातो. हेलिकॉप्टरची सोय ज्युनो आणि स्कॅगवे या दोन्ही ठिकाणी आहे. म्हणून ती सहल मार्गात आधी येणाऱ्या बंदरावर ठेवावी, म्हणजे रद्द झाल्यास दुसऱ्या बंदरावर आणखी एक संधी राहते.

केचिकानविषयीचा आपला शब्द मला लागला, हे मोकळेपणाने सांगतो, कारण त्या गावाबद्दल मला फार आस्था आहे. काहीही विकत न घेण्याचा सल्ला मी पैसे वाचवण्यासाठी दिला नव्हता. गावातल्या धक्क्यावर जहाज लागले, तर केचिकानचे उत्तम ते सगळे जवळच आहे. ओढ्यावर लाकडी खांब रोवून बांधलेली क्रीक स्ट्रीट थोड्याच अंतरावर आहे, आणि ऑगस्टमध्ये त्याच ओढ्यातून सॅमन मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढत असतात. पुलाच्या कठड्याला टेकून पाहिले तर आधी तळाचे दगड हलल्यासारखे वाटतात. मग लक्षात येते, की ते दगड नाहीत, खेटून उभे असलेले मासे आहेत. ओढ्याच्या वरच्या अंगाला टोटेम हेरिटेज सेंटर आहे. त्लिंगिट व हायडा या तिथल्या मूळनिवासी समाजांच्या ओस पडलेल्या गावांमधून आणलेले एकोणिसाव्या शतकातले मूळ कोरीव लाकडी स्तंभ तिथे जपलेले आहेत, रंग उडालेले, तडे गेलेले, आणि म्हणूनच नव्या चकचकीत प्रतिकृतींपेक्षा कितीतरी बोलके. त्लिंगिट समाजात कूळ आईकडून चालते, आणि स्तंभावरचा कावळा, गरुड किंवा अस्वल हे त्या कुळाचे चिन्ह असते. आपल्या आईंना ही माहिती निश्चित आवडेल. वडिलांना चढ झेपणार नसेल, तर तिथपर्यंत टॅक्सी करावी. पायीच जा असा माझा आग्रह नाही.

दोन गोष्टी मात्र आधी तपासाव्यात. काही कंपन्यांची जहाजे गावात न लागता उत्तरेला वॉर्ड कोव्ह इथे लागतात, आणि तिथून गावात यायला बस घ्यावी लागते. दुसरी गोष्ट पावसाची. केचिकानमध्ये वर्षाला ३,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो आपल्या कोकणासारखा चार महिन्यांत कोसळत नाही, बाराही महिने झिरपत राहतो, आणि ऑगस्टअखेरपासून त्याचा जोर वाढतो. केचिकानजवळच्या मिस्टी फ्योर्ड्स या उंच कड्यांमधल्या खाड्यांवरून नेणाऱ्या, पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाची सहल आपण सुचवली आहे. ती सुंदर असते, परंतु त्या दिवसांत ती रद्द होण्याची शक्यता मनात धरूनच घ्यावी.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर. ज्युनोत देवमाशांची बोट घ्यावी. आई-वडील सोबत असताना आपल्याला जहाज चुकण्याची धास्ती वाटत असेल, तर ती जहाजावरूनच घ्यावी. सहलीभर मनात धाकधूक राहण्यापेक्षा ते बरे. बुकिंगपूर्वी बोटीत बंदिस्त, उबदार केबिन आणि स्वच्छतागृह आहे का, हे विचारावे. आणखी एक बाब कोणी आपणहून सांगत नाही: ज्युनोच्या भरती-ओहोटीत साधारण पाच मीटरचा फरक पडतो, आणि ओहोटीच्या वेळी तरत्या धक्क्याकडे उतरणारा रॅम्प चांगलाच तिरका होतो. भरतीचे वेळापत्रक पाहून भरतीच्या आसपासची फेरी निवडली, तर वडिलांचे गुडघे वाचतील. ज्युनोजवळची मेंडेनहॉल हिमनदी त्याच दिवशी जोडून मिळत असेल तर घ्यावी, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. तिच्या वरच्या बाजूला अडलेले पाणी २०११ पासून जवळपास दर उन्हाळ्यात फुटून खाली येते. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षे ऑगस्टमध्ये मोठे पूर आले, आणि अशा वेळी तो परिसर बंद ठेवावा लागतो.

स्कॅगवेत व्हाइट पासची आगगाडी निःशंकपणे घ्यावी. १८९८ ते १९०० या काळात, सोन्याच्या शोधात निघालेल्या लोंढ्यासाठी बांधलेला हा तीन फुटी अरुंद मार्ग सुमारे ३२ किलोमीटरमध्ये ८७३ मीटरची चढण चढतो, आणि तीही बसल्या जागी, काचेच्या खिडकीतून पाहता येते. चढताना डाव्या बाजूला बसावे. दरी त्या बाजूला आहे, आणि सुमारे ३,००० घोडे जिच्यावर मेले असे सांगतात ती जुनी पायवाटही. खिंडीपर्यंत जाऊन न उतरता परत येणारी फेरी निवडावी. फ्रेझरपर्यंत जाऊन बसने परतणारी फेरी कॅनडात उतरवते, आणि भारतीय पासपोर्टवर, अमेरिकेचा व्हिसा असला तरी, कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो. व्हिक्टोरिया कॅनडातच असल्याने आई-वडिलांना तो व्हिसा एरवीही काढावाच लागेल. परदेशी बांधणीच्या जहाजांना अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतताना वाटेत एखादे परदेशी बंदर घ्यावे लागते, हा १८८६ पासूनचा कायदा आहे. म्हणून सिएटलच्या जहाजांना तो थांबा चुकत नाही. व्हिसाची ही एक गोष्ट सहलींच्या बुकिंगच्या आधी, आजच हाती घ्यावी.

आई-वडील शाकाहारी असतील, तर ‘सॅमन बेक’ असे नाव असलेली जेवणासहची कोणतीही सहल टाळावी. तिथे त्यांच्यासाठी बटाटे, सॅलड आणि पाव याखेरीज फारसे काही नसते. केचिकान मोकळे ठेवावे. व्हिक्टोरियात जहाज बहुधा संध्याकाळी लागते. तोवर सगळे दमलेले असतात, तेव्हा तिथेही आधीपासून काही ठरवू नये. जहाजाच्या वेळा आणि आपण निवडलेल्या बोटीची वेळ इथे कळवलीत, तर त्या दिवसाची भरती-ओहोटी पाहून कोणती फेरी सोयीची पडेल, ते मी आनंदाने सांगेन.