ऑपरेटर वहिनी

गोरेगावच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सरकारचा एक कारकून राहतो. त्याला पगार नाही, महागाई भत्ता नाही, दिवाळीचं सानुग्रह अनुदान नाही आणि संपावर जायची सोय तर मुळीच नाही. शेजारपाजारचे त्याला ‘वहिनी’ म्हणतात. तो कारकून म्हणजे मी.

नेमणूकपत्र वगैरे मला कुणी दिलं नाही. फार पूर्वी तळमजल्यावरच्या मुलीचं बारावीचं हॉल तिकीट मी ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणलं, एवढंच निमित्त. मग पॅनला आधार जोडणं, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणं, नातवाच्या फीसवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला काढणं, सगळं रांगेने माझ्या दारात येऊ लागलं. माणूस येतो तो आपला सहज बसायला आल्यासारखा. पावसाचं बोलतो, लिफ्ट बंद असल्याचं बोलतो, आणि उठता उठता पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढतो. ‘‘वहिनी, दोन मिनिटांचं काम आहे तुमचं.’’ ती दोन मिनिटं रात्री साडेअकराला सुरू होतात, कारण दिवसा सर्व्हर डाऊन असतो.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपल्याकडे म्हणतात. पण तेव्हा थांबायला निदान जागा तरी होती. बाक होता, खडखडणारा पंखा होता, आपली कर्मकहाणी ऐकवायला शेजारी एक अनोळखी माणूस होता. खिडकीपलीकडे हाडामासाचा कारकून असे. तो वसकन अंगावर येई, पण ‘‘एवढं शिकलात आणि साधा रकाना भरता येत नाही?’’ असं म्हणत स्वतःच्याच पेनाने तो रकाना दुरुस्तही करून देई. आता रकाना नुसता लाल होतो. का लाल झाला, ते विचारायला पलीकडे कुणी नाही. संगणकीकरणाने नेमकं केलं काय, तर खिडकीपलीकडचं काम उचलून खिडकीअलीकडे आणून ठेवलं. अर्ज मी टाइप करायचा, कागद मी स्कॅन करायचे, पैसे मी भरायचे, पावती मी छापायची, आणि वरील माहिती खरी असल्याची हमीही मीच द्यायची.

हमीच्या बाबतीत मात्र मी सरकारची ऋणी आहे. 2015 साली राज्य सरकारने साक्षांकनाची कटकट काढून स्वसाक्षांकन मान्य केलं. त्याआधी झेरॉक्स खरी आहे एवढं सांगायला राजपत्रित अधिकारी शोधत फिरावं लागे. आमच्या माहेरच्या ओळखीत असे एकच गृहस्थ होते, आणि ते जनावरांचे डॉक्टर होते. आम्हा सगळ्या भावंडांच्या मार्कशीट त्यांच्याच शिक्क्याने खऱ्या ठरल्या. गोठ्याबाहेर उभं राहून वडील सह्या घेत आणि आतून म्हशी साक्षीला असत.

आता माझी सही मलाच पुरते. पुरत नाही तो फोटो. एका संकेतस्थळावर अर्जदाराचा फोटो 20 केबीच्या आत लागतो. माझ्या फोनचा कॅमेरा पन्नास मेगापिक्सेलचा. त्यात चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या मिशीतला पांढरा केस न् केस मोजता येतो. मग तो फोटो दाबायचा, परत दाबायचा, करत करत 20 केबीत बसवायचा. तोवर काकांची मिशी आणि काकांचे ओठ एकच झालेले असतात. कागदपत्रांना पुन्हा उलटी अट, 75 केबीपेक्षा कमी चालणार नाही. म्हणजे माणूस हलका पाहिजे आणि कागद जड पाहिजे. एवढं सगळं जमवून अर्ज गेला, की काही दिवसांनी शेरा येतो: फोटो अस्पष्ट आहे.

ओटीपी हा तर स्वतंत्र भोग. ह्याच काकांचं डिजिलॉकर, म्हणजे सरकारी कागद फोनात ठेवायची पेटी, उघडायचं होतं. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, मुलगा राहतो वसईला, आणि मी बटण दाबलं तेव्हा तो चर्चगेटहून सुटलेल्या विरार फास्टमध्ये होता. ओटीपी दहा मिनिटं जिवंत असतो. अंधेरीनंतर विरार गाडीत माणसाचा हात जिथे असेल तिथेच राहतो. तो खिशापर्यंत न्यायचा म्हणजे आजूबाजूच्या चौघांची संमती लागते. काका फोन करत होते, फोन मुलाच्या खिशात थरथरत होता, आणि थरथर कुणाच्या खिशात आहे यावर त्या डब्यात म्हणे थोडी बोलाचालीही झाली. ओटीपी आमच्या हाती लागला तेव्हा गाडीने भाईंदरची खाडी ओलांडली होती. ओटीपीने त्याआधीच देह ठेवला होता.

पण डिजिलॉकर उघडलं अखेर. काकांचं वाहन चालवण्याचं लायसन्स, पॅन, सगळं फोनात आलं. ही सेवा सुरू झाली 2015 मध्ये, आणि 2017 साली केंद्राने नियमात बदल करून सांगितलं की त्यातला कागद मूळ कागदाच्या तोडीचा धरावा. काकांनी हे वाचलं होतं. निवृत्त माणसाने नियम वाचला की तो अमलात आणल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. ते मला घेऊन एका कार्यालयात गेले आणि काउंटरवर विजयी मुद्रेने फोन धरला. तिथल्या बाईंनी तो नीट पाहिला. चांगला आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘‘याची एक झेरॉक्स लावा.’’

‘‘कशाची? मोबाईलची?’’ काका म्हणाले.

‘‘हो ना. फाईलला काय लावू मी?’’

बाईंचं खोटं नव्हतं. फाईलला टाचणी टोचता येते, फोनला कशी टोचणार? आम्ही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन स्क्रीनचा फोटो छापून आणला. त्यावर सर्वांत वर बॅटरी 14 टक्के असल्याचं दिसत होतं आणि खाली ‘सुप्रभात’चा एक मेसेज डोकावत होता. काकांनी त्याखाली ‘स्वसाक्षांकित’ लिहून सही केली. त्या दिवशी त्यांच्या फोनची बॅटरी किती होती, याचा आता पक्का सरकारी पुरावा आहे.

काका कायद्याचे फार. लोकसेवा हक्क कायदा 2015 त्यांना पाठ आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अपील करता येतं आणि जबाबदार अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो, हे ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात. कायदा चांगलाच आहे. मुदतीचा फळा भिंतीवर लागल्यापासून काही दाखले खरोखर वेळेवर येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझी तक्रार एवढीच की मुदत अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात. अर्ज दाखल होईपर्यंत आमची जी पानगळ होते, तिला कुठलं कलम नाही.

सरकारशी बोलणं मात्र आता फार सोपं झालंय. आमच्या गल्लीतल्या गटाराचं झाकण एका पावसात गायब झालं. मी एका कार्यालयाच्या ॲपवर फोटोसकट तक्रार टाकली. चहा ओतेपर्यंत उत्तर आलं: तक्रार क्रमांक, आभार आणि जोडलेले हात. मला भरूनच आलं. इतक्या तत्परतेने मला घरात कुणी उत्तर देत नाही. त्याच आठवड्यात दुसरा मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे’, आणि पुराव्यादाखल नव्याकोऱ्या झाकणाचा फोटो. झाकणामागे उसाच्या रसाची गाडी दिसत होती आणि पिंपळाचा पार दिसत होता. आमच्या गल्लीत रसाची गाडी नाही, पिंपळ तर नाहीच. कुठल्या तरी गल्लीला आमच्या पुण्याईवर झाकण मिळालं होतं. सेवेला किती तारे देणार, असं खाली विचारलं होतं. मी पाच दिले. कुणाचं का होईना, भलं झालं होतं. आमच्या गटारात वॉचमनने नारळाची झावळी खोचून तिला लाल फडकं बांधलं. त्या संदेशाला क्रमांक नव्हता, पण तो सगळ्यांना पोचला.

हे सगळं सोपं म्हणावं अशी परीक्षा गेल्या ऑक्टोबरात झाली.

आमच्या ह्यांच्या आत्या एक्क्याऐंशीच्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते. त्यांच्यामागे आत्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ते चालू राहायचं तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. इतकी वर्षं त्या नोव्हेंबरात बँकेत जाऊन सही ठोकून येत. 10 नोव्हेंबर 2014 ला ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं आणि बोटाचा ठसा दिला की घरबसल्या दाखला जायला लागला. प्रश्न फक्त बोटांचा होता. वयाने कातडी कोरडी पडते, रेषा सपाट होतात. त्यात आत्यांनी साठ वर्षं राखेने आणि मग साबणाने भांडी घासलेली. एका केंद्रातल्या मुलाने त्यांची दहाही बोटं पुसून पाहिली, ओली करून पाहिली, व्हॅसलीन लावून पाहिली. यंत्राला ठसा सापडेना. शेवटी आत्या त्यालाच म्हणाल्या, ‘‘बाळा, मी आहे रे.’’ त्या आहेत हे त्यालाही दिसत होतं. पण त्याला दिसून उपयोग नव्हता.

2021 पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. मी म्हटलं, पोस्टमनला बोलावू, सत्तर रुपयांत घरी येऊन करून देतात. ‘‘सत्तर?’’ आत्या म्हणाल्या. ‘‘सून घरात असताना?’’

ॲप उतरवलं. त्याने आधी आत्यांना विचारलंच नाही, मला विचारलं. आधी ऑपरेटरने स्वतःचा आधार क्रमांक द्यायचा, स्वतःचा चेहरा दाखवायचा, मग पुढे. इतकी वर्षं बिनहुद्द्याची राबत होते. त्या दिवशी सरकारदरबारी मला पद मिळालं. नाकाला कणीक लागलेली होती, तरी मी ऑपरेटर म्हणून पास झाले.

आत्या आत गेल्या त्या ठेवणीतली नारायणपेठ नेसून, पावडर लावून बाहेर आल्या. ‘‘सरकार बघणार,’’ म्हणाल्या. मी पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक भरला, खाते क्रमांक भरला. पुढे प्रश्न होता: पुन्हा नोकरी धरली आहे का? तो मी माझ्या अखत्यारीत निकालात काढला. त्याच्यापुढचा प्रश्न विचारणं भाग होतं. आत्यांना कमी ऐकू येतं, आणि खिडक्या उघड्या होत्या.

‘‘आत्या, पुन्हा लग्न केलंय का?’’

‘‘कुणी?’’

‘‘तुम्ही!’’

आत्यांनी पदर सारखा केला आणि जरा पुढे झुकल्या. ‘‘का गं? कुणी विचारलंय का?’’

हे पेपर तोंडावर धरून हसत होते. समोरच्या इमारतीतल्या गॅलरीत दोन बायका कपडे वाळत घालायच्या थांबल्या होत्या. मी ‘नाही’वर बोट ठेवलं आणि कॅमेरा आत्यांच्या समोर धरला. आता पापण्यांची उघडझाप करायची होती, म्हणजे समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे यंत्राला पटतं.

‘‘आत्या, डोळे मिचकवा.’’

‘‘शोभतं का या वयात?’’

समजावून सांगितल्यावर त्यांनी डोळे मिटले, आणि आरतीला मिटतात तसे मिटूनच घेतले. हातही जोडले. मी म्हटलं, ‘‘उघडा!’’ त्यांनी तोंड उघडलं. चष्मा काढलेला, त्यामुळे पडद्यावर काय चाललंय ते दिसेना. चष्मा लावला की ट्यूबलाइट काचेत चमकायची. मग त्यांना एवढं कळलं की सगळं पापणीवर अडलंय, आणि त्या डोळे ताणून, श्वास रोखून, पुतळ्यासारख्या बसल्या. एरवी बोलताना दर शब्दाला लवणारी पापणी सरकारपुढे लवेना. इतक्यात स्वयंपाकघरात लेकाच्या हातून स्टीलची परात पडली. आत्या दचकल्या, पापणी लवली, पडद्यावरचं वर्तुळ हिरवं झालं. आत्या हयात आहेत, असं ठरलं.

मेसेज आला, प्रमाण क्रमांक आला. मला वाटलं, सुटले. आत्या म्हणाल्या, ‘‘छान झालं. आता बँकेत कधी जायचं?’’

मी म्हटलं, बँकेत जायचं कारणच उरलं नाही, दाखला तिकडे आपोआप जातो. शिवाय ऐंशीच्या पुढच्यांना तर 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणून तर नोव्हेंबरची गर्दी आपण टाळली.

‘‘टाळायला कुणी सांगितली होती तुला?’’ आत्या म्हणाल्या. ‘‘आम्ही सगळ्याजणी नोव्हेंबरातच येतो. वर्षातून एकदा तर भेटतो. दाखला जाऊ दे गं संगणकातून, पण या खेपेला मी गेले नाही, तर बाकीच्यांना वाटेल मी गेले.’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोव्हेंबरात रिक्षा करून त्यांना बँकेत पोचवलं, नारायणपेठसकट. दुपारी परत आल्या त्या पिशवीतून चिवड्याचा पुडा आणि घडी घातलेला कागद घेऊन. कागदावर तीन नावं होती, तीन पीपीओ नंबर होते, आणि पुढच्या वर्षीची वेळही त्यांनी ठरवून टाकली होती.

‘‘त्यांना सांगितलं मी,’’ आत्या म्हणाल्या, ‘‘आमच्या घरी ऑपरेटर आहे. पैसे घेत नाही.’’