‘एक पालक’ यांच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

मागच्या रविवारी मी लिहिलं होतं की आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणून घेतलेल्या पैशांचा हिशोब मागितला तर चहा आला, बिस्किटं आली, हिशोब काही आला नाही. त्यावर ‘एक पालक’ अशा नावाने कमेंट आलीये. ती आधी जशीच्या तशी देते, उगाच नंतर कोणी म्हणायला नको की सोयीचं तेवढंच उचललं.

“हिशोब मागणाऱ्या बाईंनी गेल्या वर्षी गॅदरिंगचे पैसे स्वतःच्या जीपेवर का घेतले? शीटमध्ये पैसे न दिलेल्या पालकांची नावं टाकून काय मिळवलं? आणि बेरीज तरी बरोबर होती का?”

शेवटचं आधी घेते, म्हणजे ग्रुपवर टाकलेल्या गॅदरिंगच्या हिशोबाच्या शीटमधली बेरीज. नव्हती बरोबर. मान्य. मेकअपचे ३४० रुपये दोनदा धरले गेले, त्यामुळे शिल्लक ७८० च्या जागी ४४० दिसत होती. चूक मलाच सापडली, मीच दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाकली, आणि फरक माझ्या खिशात गेला नव्हता, उलट वर्गाचे पैसे जास्त निघाले. झालं? पुढे जाऊ.

आता ते ‘बाईंनी’. तुम्ही ताई आहात की दादा मला माहीत नाही, कारण नाव लिहायची तुमची तयारी नाही, पण मी स्वतःच्या नावाने लिहिते, मुलीचा वर्गही लोकांना माहितीये, आणि मला तुम्ही ‘हिशोब मागणाऱ्या बाई’ म्हणता, जशी काही मी दारावर वर्गणी मागायला आलेय. एखाद्या पुरुषाने हीच पोस्ट टाकली असती तर ‘सरांनी चांगला मुद्दा मांडला’ अशा कमेंटा आल्या असत्या. लिहून ठेवा.

आणि जीपेचं म्हणाल तर मग कुठे घ्यायचे होते? वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या नावाने बँकेत खातं निघत नाही हो. बँक ठराव मागते, पॅन मागते. शाळेच्या ऑफिसला विचारलं तर ‘ते वर्गाचं खासगी आहे, आमच्याकडे नको’. मग सेहेचाळीस मुलांचे प्रत्येकी ३५० कोणी गोळा करायचे, असं ग्रुपवर विचारलं तेव्हा दोन दिवस ग्रुप इतका शांत की गुड मॉर्निंगसुद्धा नाही. तुम्ही होतात ना ग्रुपवर? मग म्हणायचं होतं, माझ्या नंबरवर घ्या म्हणून.

माझे वडील नाशिकातच एका पतपेढीत एकतीस वर्षं कॅशियर होते. घरी आम्ही रॉकेल आणलं तरी पावती टाचणीला लागायची. रात्री जेवण झाल्यावर ते आईला विचारायचे, ‘आठ आण्यांचं काय झालं?’ आणि आई वैतागायची, पण सांगायची. मला तेव्हा फार राग यायचा, पण सवय मलाही तीच लागली. गॅदरिंगच्या वेळी ड्रेसवाल्याने २४ ड्रेसचं भाडं ५२८० घेतलं आणि कॅलेंडरचं जुनं पान फाडून मागे लिहून दिलं, ‘ड्रेस २४, पैसे मिळाले’, बस. मी त्याला म्हटलं, पाच हजारांच्या वर रक्कम आहे, एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही द्या. तो हसला, म्हणाला मॅडम, लग्नाच्या पार्टीने पण कधी मागितलं नाही. पण दिली सही. ते पान माझ्या फाईलमध्ये आहे, एका कोपऱ्यावर गणपतीचा अर्धा फोटो अजून दिसतो. एक फेटा हरवला म्हणून डिपॉझिटमधले १५० कापले, ते पण लिहिलंय. आणि तुम्ही मला विचारता जीपेवर का घेतले!

मुळात माझी पोस्ट वर्गाच्या ३५० रुपयांवर नव्हतीच, ती पालक-शिक्षक संघावर होती. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क नियमन कायदा आहे, त्यात शाळेतला प्रत्येक पालक संघाचा सभासद असतो आणि कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते, ‘मर्जीतले चार जण’ अशी नाही. फी वाढवायचा प्रस्ताव शाळेने याच समितीपुढे ठेवायचा असतो, कागदपत्रांसकट. म्हणजे त्या टेबलाभोवती बसलेल्यांनी आकडे बघायचे असतात, सामोसे नाही. नंतरच्या दुरुस्तीने तर फीबद्दल तक्रार करायची तर २५ टक्के पालक एकत्र यायला लागतात. आता मला सांगा, ज्या पालकांना समितीत कोण आहे हेच माहीत नाही ते पंचवीस टक्के गोळा कसे होणार? आमच्याकडे चिठ्ठ्या कधी टाकल्या हे मी तीन वर्षांत बघितलेलं नाही, आणि नावं दरवर्षी तीच निघतात. डबा फारच भाग्यवान दिसतो.

कोणी म्हणेल माहिती अधिकारात मागा. खासगी विनाअनुदानित शाळेकडे थेट अर्ज चालेलच असं नाही, पण शिक्षणाधिकाऱ्यांना कायद्याने शाळेकडून जी माहिती घेता येते ती त्यांच्याकडे मागता येते. अर्जाची फी दहा रुपये. मी करणार आहे. ते दहा रुपये माझेच असतील, काळजी नको.

राहता राहिला नावांचा प्रश्न. पाच नावं होती. त्यात लाजवण्यासारखं काय आहे मला कळलं नाही, कोणी दिले आणि कोणी नाही हे ग्रुपवर स्क्रीनशॉट येत होते त्यावरून सगळ्यांना दिसतच होतं, आणि त्यातल्या दोघांनी शीट बघून लगेच पैसे पाठवले, म्हणजे उपयोगच झाला. एकीचा फोन आला होता, तिची अडचण होती, मी तिला म्हटलं राहू दे, तिचा रकाना रिकामा केला. तो विषय तिथे संपला. यावर मला अजून काही बोलायचं नाही.

फाईल माझ्याकडे आहे, पावत्यांसकट, कॅलेंडरच्या पानासकट. शनिवारी अर्धी शाळा असते, साडेअकराला मी गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी असते. या, बघा, हव्या तर कॉप्या काढा, झेरॉक्सचे पैसे मात्र तुम्ही द्या. आणि येताना नाव सांगा.