युद्ध, एसआयपी आणि सोने : फिरत्या संदेशाबाबत खुलासा

लातूर-जालन्याच्या मोंढ्यांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सध्या एक संदेश फिरत असून, युद्ध पेटले की शेअर बाजार बुडतोच, म्हणून एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याची पद्धत) मोडून सोने घ्यावे, कारण सोने कधी उतरत नाही, असे त्यात म्हटले आहे. हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्या दिवशी, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स २,७०२ अंकांनी कोसळला हे खरे. परंतु एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात तो ६०,००० च्या वर, म्हणजे हल्ल्याआधीच्या पातळीपेक्षाही वर गेला होता, त्यामुळे घाबरून विकणाऱ्यांनी आपला तोटा स्वतःच पक्का करून घेतला. १९९९ मध्ये कारगिलचे युद्ध चालू असताना तर निर्देशांक वाढलाच होता. येत्या पेरणीला किंवा मुलांच्या शिकवणीला लागणारा पैसा बाजारात ठेवू नये, एवढाच भाग त्या संदेशातून घेण्यासारखा ठरला असता. नेमका तोच त्यात नाही. सोने कधी उतरत नाही, हेही खरे नाही. सोन्याचा जागतिक भाव जानेवारी १९८० मध्ये औंसाला (सुमारे ३१ ग्रॅमला) सुमारे ८५० डॉलरवर गेला होता आणि ती पातळी पुन्हा गाठायला २००८ साल उजाडले (रुपया घसरत गेल्याने आपल्याकडे ते तितकेसे जाणवले नाही, ही गोष्ट वेगळी). तथापि, शेअर बाजारात दीर्घकाळ थांबले की नफा ठरलेलाच, हा या संदेशावर दिला जाणारा प्रतिदावाही मान्य करता येत नाही, कारण जपानच्या निक्केई निर्देशांकाला १९८९ चा उच्चांक ओलांडण्यासाठी २०२४ पर्यंत थांबावे लागले.