ओळख म्हणजे वशिला नव्हे

नमस्कार. गोव्यात चतुर्थीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं, की चव असली की गिऱ्हाईक येतंच, आणि ओळखीपाळखीचं कौतुक म्हणजे वशिल्याचं समर्थन. शिवाय बाहेरून आलेल्याने काय करायचं, हा प्रश्न.

चव हवीच. पण चव तयार व्हायच्या आधीच पैसे लागतात. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करणाऱ्या बाईला रवा, साखर, खोबरं, तूप चतुर्थीच्या आधी भरावं लागतं आणि पैसे येतात माल गेल्यावर. तोवर तिला सांभाळतो कोपऱ्यावरचा दुकानदार, वहीत नाव मांडून. तारण कसलंच नाही. तिचं घर त्याला माहीत आहे, एवढंच. पहिला घाणा शेजारीण चाखते आणि तोंडावर सांगते, "पारी जाड जाली गो." असं खरं बोलणारं माणूस पैसे टाकून मिळत नाही. वशिल्यात वाईट मालही खपतो. इथे माल बिघडला तर तीच ओळख उलटते आणि वाड्यावर, म्हणजे साऱ्या वस्तीत, बोभाटा होतो.

मात्र वाडा संपला की गिऱ्हाईकही संपतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलं होतं, की नवी माहिती जवळच्यांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जवळच्यांना आपल्याला ठाऊक तेच ठाऊक असतं. आपल्याकडे रस-ऑम्लेटच्या गाड्यावर हे रोज दिसतं. संध्याकाळी पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, तिथे उभ्या उभ्या शागुतीच्या मसालेदार रसात पाव बुडवून खातात, आणि भुकेल्या प्रवाशाने विचारलं की त्याच गाड्यावर आणून सोडतात. पायलट गाडेवाल्याचा ना सोयरा ना शेजारी.

आता तुमचा तिसरा मुद्दा. तो मला मनापासून पटतो. उधारी मिळवून देणारी ही ओळख बहुतेकदा जातीच्या, वाड्याच्या, देवळा-इगर्जीच्या (इगर्ज म्हणजे चर्च) वाटेनेच चालते. भाड्याच्या खोलीत राहून इडल्या विकणाऱ्या माणसाला अन्नसुरक्षेची नोंदणी मिळते, वहीवरची उधारी मिळत नाही. स्वयंसहाय्य गट काही बायकांची ही उणीव भरून काढतात, कारण गटाची पत तिच्या नावामागे उभी राहते. पण गटात शिरायलाही कुणीतरी ओळखीचं लागतंच. म्हणून माझा आग्रह आहे, की जत्रेत, पावसाळ्याच्या बेगमीसाठी भरणाऱ्या पुरुमेंताच्या फेस्तात आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात थोड्या जागा दरवर्षी नव्या विक्रेत्यांसाठी राखून ठेवाव्यात, आणि त्या चिठ्ठ्या टाकून द्याव्यात.