४७५ भालेकरी आणि अर्धी दाढी

रविवारी सकाळी माझी अर्धी दाढी झालेली असताना आमच्या वाडीला कळलं की माझं सगळं सैन्य मेलं.

सैन्य मोबाइलमधलं. गाव वसवायचं, लाकूड-माती-लोखंड जमवायचं, भालेकरी नि घोडेस्वार तयार करायचे आणि दुसऱ्याच्या गावावर सोडायचे, असा तो ऑनलाइन खेळ. माझं वय सत्तेचाळीस. त्यावर विचारायचे ते सगळे प्रश्न घरात विचारून झालेले आहेत.

शनिवारी संध्याकाळी मी ‘सरखेल०७’ नावाच्या कुणा खेळाडूच्या ‘घेरिया’ या गावावर होतं नव्हतं ते सगळं सोडलं. घेरिया म्हणजे आमचा विजयदुर्ग. आंग्र्यांच्या हातून तो १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्हने घेतला, हे देवगडात वाढल्यामुळे मला पाठ. तेव्हा या नावाचं गाव पडतं, असा माझा हिशोब. सोबत एक कॅटापल्ट, म्हणजे दगड फेकायचं यंत्र, दिलं. या खेळात सगळं लष्कर सगळ्यात सुस्त गड्याच्या चालीने चालतं, त्यामुळे माझे साठ घोडे रात्रभर त्या लाकडी धुडामागून रखडत गेले. पोचायची वेळ पहाटे तीन. समोरचा झोपलेला असणार ना! रात्री बारा ते सकाळी आठ बचाव करणाऱ्याची ताकद दुप्पट धरतात हा नियम मी वाचला होता, पण का कोण जाणे, तो इतरांसाठी असेल असं वाटलं. आधी हेरही पाठवला नाही. बहिर्जी नाईकांच्या महाराष्ट्रात!

सकाळी अहवाल आला. एकही माणूस जिवंत परतला नाही, तर या खेळात हल्ला करणाऱ्याला शत्रूची काहीच माहिती दिसत नाही. सांगायला आलंय कोण? समोरच्या रकान्यात नुसती प्रश्नचिन्हं. लूट शून्य. मी मोबाइल खिशात टाकला आणि दाढीला गेलो. प्रकरण माझ्यात आणि देवात मिटलं होतं.

पण सरखेलने तो अहवाल उघड केला. उघड करताना काय दाखवायचं, काय झाकायचं हे निवडता येतं. त्याने स्वतःची फौज झाकली, माझे मेलेले सगळे दाखवले, रात्रीच्या दुप्पट ताकदीची ओळ कापली आणि तो फोटो आमच्या वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘काका, पुढच्या वेळी हेर पाठवा.’

काका! तेव्हा मला कळलं की सरखेल म्हणजे माझ्या मागच्या दारी राहणारा नववीतला पोरगा. त्याला मी कोण ते कसं कळलं? खेळात माझं नाव ‘समशेर४७’. माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटचं नावही तेच आहे आणि ते त्याच्या घरात रोज दिसतं. एवढी अक्कल मला असती तर मी हेरच पाठवला नसता का?

सलूनमध्ये माझ्यामागे नंबर लावून आप्पा बसले होते. आप्पा निवृत्त तलाठी. २०२१ साली तौक्ते वादळात हापूसची कलमं आडवी झाली, तेव्हा निवृत्त असूनही ते नव्या तलाठ्याच्या मागून टेप घेऊन बागाबागांतून फिरत होते. आयुष्यात जे जे पडतं, मोडतं, मरतं, त्याचा पंचनामा होतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकाला लावला आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्याने.

“भालेवाले चारशे पंच्याहत्तर. मेले चारशे पंच्याहत्तर.” मग आरशातून माझ्याकडे बघून, “तुझे काय रे हे?”

“आप्पा, खेळ आहे तो.”

“खेळ तो खेळ. मेले मां?”

“मेले.”

“आणि तू हयसर दाढी करतंस.”

सलूनवाल्याने वस्तरा माझ्या गळ्यापाशी थांबवला. तोही ऐकत होता. गळ्यात पांढरं कापड, डाव्या गालावर फेस, उजवा गाल गुळगुळीत. उठून जायची सोय नाही.

“घोडे साठ,” आप्पा म्हणाले. “घोड्यांका खाणा काय घालतंस?”

“गावात एक शेत आहे आप्पा. त्यावर सगळे जगतात.”

“सातबारो कोणाच्या नावार?”

“माझ्याच.”

“फेरफार झालो?”

याला काय उत्तर असतं? मी हो म्हटलं. आप्पांनी समाधानाने मान हलवली आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. “ह्या नशीब काय? उणे अठरा टक्के?”

मी सांगितलं की प्रत्येक लढाईत कॉम्प्युटर नशीब काढतो, उणे पंचवीसपासून अधिक पंचवीसपर्यंत. तेवढ्याने हल्ल्याचा जोर कमीजास्त होतो. आप्पा बराच वेळ गप्प बसले. गालावरचा फेस सुकून ओढायला लागला.

“चौतीस वर्सां नोकरी केलंय,” ते शेवटी सलूनवाल्याला म्हणाले, “पण माणसाचा नशीब टक्क्यात मोजूचा कधी जमला नाय. हेंका जमला.” मग माझ्याकडे वळून, एकदम कामाच्या आवाजात, “बहात्तर तासांत कळवूक व्हया हां, नायतर इमो गावणा नाय.”

हा पीकविम्याचा नियम. भालेकऱ्यांना तो लागू नाही हे मी त्यांना सांगितलं. “अर्ज करून तरी बघ,” ते म्हणाले, आणि शेजारच्या पेपराच्या कोऱ्या कडेवर आकडे उतरवू लागले.

पूर्वी पराभवाची बातमीसुद्धा माणसं अदबीने कळवत. १७६१ मध्ये पानिपतावर सगळं गेलं, तेव्हा सावकारी पत्रातून नानासाहेब पेशव्यांना कळलं म्हणतात, ते काय? दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही. एवढा एक लाख माणसांचा घाव, पण नावं झाकलेली, आकडे सुचवलेले, वाचणाऱ्याला बसायला जागा ठेवलेली. आणि माझा खुर्दा? मिनिट-सेकंदासकट, १८६ जणांच्या ग्रुपवर.

तो ग्रुपही काय, वादळानंतर लाइट कधी येणार, कुठे झाड पडलं हे कळावं म्हणून काढलेला. जुलैत माझा गडगा पावसाने कोसळला आणि चिरे पायवाटेवर आले. मी फोटो टाकला, दोन माणसं हाताशी मिळतील का म्हणून विचारलं. तिघांनी बघितलं. एकाने ‘शुभ सकाळ’चा गणपती पाठवला. चिरे मी आणि बायकोने उचलले, अजून कंबर धरते. माझ्या सैन्याच्या मरणाला मात्र दुपारपर्यंत एकेचाळीस अंगठे पडले. मुंबईहून चुलतभावाचा फोन आला, ‘काय रे, बरा आहेस ना?’

शिवाय लोकांना वाटतं ही नुसती गंमत. अहवाल उघड झाला म्हणजे माझं गाव रिकामं आहे हे अख्ख्या नकाशाला कळलं. मेलेले मोजता आले की घरात किती उरले तेही मोजता येतं. पोराने तो खेळातही सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. रविवारी जेवून मी आडवा झालो, तोवर तीन अनोळखी लोक येऊन माझं लाकूड आणि लोखंड भरून घेऊन गेले. संध्याकाळी चौथा आला, त्याला नुसती माती मिळाली. पोराला मी कुंपणावरून गाठलं. म्हणाला, “काका, मदतीला सैन्य पाठवू?” मी नको म्हटलं. पाठवलं असतं तर त्याचाही फोटो टाकला असता मेल्याने.

रात्री साडेनऊला ग्रुप पुन्हा वाजला. आप्पांनी पेपराच्या कडेचा मजकूर कोऱ्या कागदावर, रेघा आखून, स्वच्छ अक्षरात उतरवला होता आणि त्याचा फोटो टाकला होता. मयत इसम ४७५. मयत जनावरे, घोडे, नग ६०. लाकडी यंत्र १, पूर्णतः नष्ट. नुकसानीचे कारण: खातेदाराचा निष्काळजीपणा. खाली पंचांच्या सह्या. पहिली सलूनवाल्याची. दुसरी बॉलपेनने, अक्षर गिचमिड, नववीतलं.